टोळक्याविरुद्ध तक्रार कशी करायची: अंतर्गत समितीकडे पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

मी मीटिंगच्या खोलीत शिरले की कुणीतरी घसा खाकरायचं. मग कोपऱ्यातून शिट्टी, अगदी दबकी, अर्धीच. बाकीचे लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून खांदे हलवत हसायचे. अकरा जणांच्या टीममध्ये बाई मी एकटीच. जवळजवळ वर्षभर हे चाललं, आणि घरी कुणी विचारलं, "नेमकं झालं काय?" तर सांगता येईना. शिट्टी वाजवली? हो. कुणी? दिसलं नाही.

शेवटी ऑफिसातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीकडे अर्ज दिला. त्यात लिहिलं, 'टीममधले सगळे मला त्रास देतात.' अध्यक्षबाईंनी तो वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "सगळे म्हणजे कोण कोण? आणि कधी?" मी गप्प. अर्ज परत आणला आणि नव्याने लिहायला तीन आठवडे घालवले. तुमचे ते तीन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. मी वकील नाही; ज्या वाटेने गेले तिथले खड्डे दाखवते, एवढंच.

१. तुमची गोष्ट या कायद्यात बसते का ते पाहा

कामाच्या ठिकाणी होणारा महिलांचा लैंगिक छळ रोखणारा, आपण ज्याला 'पॉश' म्हणतो तो कायदा २०१३ चा. ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालातल्या मार्गदर्शक तत्त्वांवर काम चालायचं. राजस्थानात बालविवाह थांबवायचं काम करणाऱ्या भंवरीदेवी या साथिनीवर (सरकारी कार्यक्रमातल्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर) १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला, आणि त्यानंतर महिला संघटना न्यायालयात गेल्या. म्हणजे या कायद्याच्या मुळाशीच टोळकं आहे. पण कायदा उघडून वाचा: ज्याच्याविरुद्ध तक्रार असते तो सामनेवाला 'एक व्यक्ती' म्हणूनच येतो. पुढची सगळी यातायात याच्यामुळे आहे.

नको असलेला स्पर्श किंवा जवळीक, लैंगिक मागणी, लैंगिक रोखाचे शेरे, अश्लील चित्रं-व्हिडिओ दाखवणं, आणि शब्दांनी, हावभावांनी किंवा कृतीने केलेलं लैंगिक स्वरूपाचं कुठलंही नकोसं वर्तन, हे सगळं यात येतं. शिट्टी आणि डोळा मारणंही 'हावभाव' म्हणून बसतं. या वर्तनाला जोडून नोकरीची धमकी, प्रमोशनचं आमिष, कामात अडथळा, दहशतीचं किंवा अपमानाचं वातावरण असेल तर तेही कायद्याने छळात धरलं आहे.

'जोडून' हा शब्द महत्त्वाचा. "बायकांना कोडिंग जमत नाही", "मिनिट्स तूच लिही, तुझं अक्षर छान आहे" असल्या गोष्टी बाईपणावरून होतात, पण त्यात लैंगिक काही नाही. नुसत्या एवढ्यावर तक्रार केली तर समिती म्हणू शकते की हा विषय एचआरचा. म्हणून दोन्ही प्रकार होत असतील तर ते एकाच अर्जात, एकमेकांशी दुवा दाखवून लिहा: 'मी शेऱ्यांना हरकत घेतली, त्यानंतर मला मीटिंगची आमंत्रणं येणं बंद झालं.'

तक्रारदार म्हणून संरक्षण फक्त महिलेला आहे. कायम, कंत्राटी, प्रशिक्षणार्थी, कुणीही चालते. पुरुषांना कंपनीच्या स्वतःच्या धोरणात काही सोय असेल तर ती पाहावी लागते. सामनेवाला मात्र पुरुषच हवा असं नाही. आमच्याकडे शेजारच्या टीममधली एक ताई हसण्यात सगळ्यांत पुढे असायची. ऑफिसची बस, क्लायंटची जागा, कामानिमित्त केलेला दौरा, हेही कामाचं ठिकाणच.

२. आज रात्रीपासून नोंद ठेवा

तक्रार करायची की नाही हे नंतर ठरवा. नोंद आजच सुरू करा. माझी एक नोंद नमुन्यादाखल देते, नावं बदलून:

'मंगळवार, सकाळी १०.४०, तिसऱ्या मजल्यावरची छोटी मीटिंग रूम. हजर: अ, ब, क, ड आणि मी. प्रोजेक्टरची वायर लावायला मी वाकले. अ म्हणाला, "आज व्ह्यू मस्त आहे." ब आणि क मोठ्याने हसले. ड ने मोबाइलवर काहीतरी टाइप केलं. टीमच्या ग्रुपवर १०.४२ ला ड चा डोळा मारणारा इमोजी आला. मी वायर तशीच ठेवून बाहेर गेले. १०.५५ ला परत आले.'

यात 'नीच', 'घाणेरडे', 'नेहमीचंच' असा एकही शब्द नाही. माझ्या आधीच्या नोंदी अशाच शब्दांनी भरलेल्या होत्या आणि त्यांचा उपयोग शून्य झाला. वेळ, जागा, हजर माणसं, शब्द जसेच्या तसे, आणि तुम्ही काय केलं: एवढंच लिहा. रोज रात्री ती नोंद स्वतःच्याच खासगी ईमेलवर पाठवा, म्हणजे तारीख आपोआप लागते. ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका. तो एका दिवसात काढून घेतात.

३. टोळकं सुटं करा

सगळ्यांत किचकट काम हे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

एक मोठा कागद घ्या. डावीकडे टीममधल्या प्रत्येकाचं नाव, एका ओळीत एक. समोर चार रकाने: स्वतः केलं, री ओढली, पुढे पाठवलं, गप्प बसला. आता नोंदवहीतली एकेक घटना घेऊन त्या त्या नावासमोर तारीख टाका. मी हे केलं तेव्हा 'सगळे' दहा जण होते ते कागदावर वेगळेच दिसायला लागले. दोघे दर वेळी स्वतः बोलत होते. तिघे री ओढत होते. एक जण माझे फोटो आणि स्टिकर पुढे पाठवत होता. उरलेल्या चौघांनी कधी तोंडही उघडलं नव्हतं, मला मात्र ते रोज हसताना दिसत होते. खरं सांगायचं तर त्या चौघांवर माझा राग जास्त होता.

तक्रार कुणाविरुद्ध करायची हे आता त्या कागदावरून ठरवा. नुसता एकदा हसला म्हणून एखाद्याचं नाव घातलं तर तो नंतर बाकीच्यांच्या बाजूने साक्ष देतो, आणि त्याच्याविरुद्ध दाखवायला तुमच्याकडे काही नसतं. मी सहा नावं घातली. हसण्याचंही छळात रूपांतर होऊ शकतं, पण त्यासाठी तारखा लागतात: हा माणूस प्रत्येक शेऱ्यानंतर हसला, बघून हसला, 'पुन्हा सांग' म्हणाला.

गप्प बसणाऱ्यांना शत्रूंच्या यादीत टाकू नका, साक्षीदारांच्या यादीत टाका. माझ्या डाव्या बाजूला बसणारा एक मुलगा होता, नवीनच लागलेला. त्याला जिन्यात गाठून विचारलं, "समितीने बोलावलं तर खरं सांगशील?" त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. पण बोलावल्यावर तो गेला आणि म्हणाला, "शिट्टी आली की मी मान खाली घालायचो, कारण कोण वाजवतंय ते मला माहीत असायचं." आणि नाव सांगितलं. वर्षभर मला जे कळलं नव्हतं ते एका वाक्यात कागदावर आलं.

साक्षीदाराला काय बोलायचं ते पढवू मात्र नका. "तू जे पाहिलंस तेच सांग", बस्स.

मॅनेजरचं काय? त्याला माहीत असून त्याने काही केलं नसेल तर वेगळा परिच्छेद लिहा: त्याला कधी सांगितलं, तो काय म्हणाला. सुरक्षित वातावरण देणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. माझा मॅनेजर म्हणाला होता, "अगं, पोरं आहेत, मनावर नको घेऊस." पोरांतला एक बेचाळीस वर्षांचा होता.

४. पुरावे गोळा करा, पण हात भाजून घेऊ नका

व्हॉट्सॲप ग्रुप रागाच्या भरात सोडू नका. आधी पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, मग स्क्रीनशॉट घ्या, आणि त्यात पाठवणाऱ्याचं नाव किंवा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मेसेज आपोआप गायब होणाऱ्या ग्रुपवर तर लगेच घ्या. मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्या. फोन बदलणार असाल तर जुना जपून ठेवा.

मेसेज कापून, फक्त 'ती' ओळ ठेवून देऊ नका. समोरचे म्हणतात, "मागचं-पुढचं बघा, ती स्वतःच हसत होती." आणि खरंच, मीही एकदा हसणारा इमोजी टाकला होता, वाद नको म्हणून. तो मी स्वतःच अर्जात सांगून टाकला. त्यांच्या हातातलं एक हत्यार कमी झालं.

ऑफिसची गोपनीय कागदपत्रं, क्लायंटच्या फायली खासगी ईमेलवर पाठवू नका. तक्रार राहते बाजूला आणि तुमच्यावरच कारवाई सुरू होते. चोरून रेकॉर्डिंग करावं का, असं बऱ्याच जणी विचारतात. तिथे वकिलाचा सल्ला घ्या. विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, हेल्पलाइन १५१००.

५. समिती शोधा आणि तपासा

दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. ती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावायचा असतो. आमच्याकडे तो झेरॉक्स मशीनच्या मागे, कॅलेंडरखाली सापडला.

अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निदान दोन सदस्य कर्मचाऱ्यांमधले, एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेचा, आणि एकूण निम्म्याहून कमी महिला नकोत. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. बाहेरचा सदस्य नुसता कागदावर आहे का ते विचारा. सदस्यांपैकी कुणी सामनेवाल्यांचा साहेब किंवा जवळचा मित्र असेल तर सुरुवातीलाच लेखी हरकत घ्या.

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करा. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते.

इथला सापळा: एचआरची मैत्रीण म्हणते, "मला मेल कर, मी बघते." एचआरला केलेली मेल म्हणजे समितीकडे केलेली तक्रार नव्हे. ती 'बघते' तोवर मुदत संपते.

६. मुदत प्रत्येक नावाची वेगळी मोजा

घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती कारणं नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते.

टोळक्याच्या बाबतीत एक गोम आहे. अ ची शेवटची घटना गेल्या आठवड्यातली असेल, पण क ची पाच महिन्यांपूर्वीची. मग क चा बचाव पहिल्याच दिवशी तयार असतो: मुदत टळली. म्हणून तिसऱ्या पायरीवरच्या कागदावर प्रत्येक नावापुढे शेवटची तारीख लाल शाईने लिहा, आणि ज्याची टळत आली आहे त्याच्यासाठी मुदतवाढीची विनंती अर्जातच करा, उशिराच्या कारणासकट. आजारपण, धमकी, प्रोबेशन, जे खरं असेल ते.

७. तक्रार लिहा

सुरुवातीला तुमचं पद, किती काळ नोकरी, कोणाला रिपोर्ट करता. मग एकूण प्रकार एका परिच्छेदात. मग माणूसवार भाग: अ ने काय काय केलं, ब ने काय काय, प्रत्येकात तारखा. शेवटी काय हवं आहे. अर्ज एकच ठेवायचा की माणसागणिक वेगळा, हे समितीला विचारा. माणूसवार लिहिलेला असेल तर तोडायला सोपा जातो. लिहिणं जमत नसेल तर लेखी तक्रारीसाठी मदत करणं हे समितीचं कामच आहे, मागून घ्या.

सोबत हे लागतं:

- तक्रारीच्या सहा प्रती, कागदपत्रांसह
- साक्षीदारांची नावं आणि पत्ते
- घटनांची तारीखवार यादी
- स्क्रीनशॉट, ईमेल, एक्स्पोर्ट केलेला चॅट (प्रिंट आणि पेनड्राइव्ह)
- नेमणूक पत्र, त्रास सुरू होण्याआधीचे आणि नंतरचे कामाचे मूल्यमापन
- रजेच्या नोंदी, डॉक्टर किंवा समुपदेशकाच्या चिठ्ठ्या आणि पावत्या

पावत्या कशाला, असं मला वाटलं होतं. नुकसानभरपाई ठरवताना मानसिक त्रास, हुकलेली संधी आणि औषधोपचाराचा खर्च पाहतात. मी पहिल्या दोन महिन्यांच्या पावत्या फेकून दिल्या होत्या.

आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच मिळाल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

८. अंतरिम दिलासा मागा, आणि नेमका काय ते लिहा

चौकशी चालू असताना तुमच्या लेखी विनंतीवरून समिती बदलीची, तीन महिन्यांपर्यंतच्या जादा रजेची, किंवा सामनेवाल्याने तुमचं मूल्यमापन करू नये अशी शिफारस करू शकते. कायद्यात बदली तुमचीही होऊ शकते आणि त्याचीही. नुसतं 'बदली करावी' लिहिलं की सहा जणांना हलवण्यापेक्षा एकीला हलवणं कंपनीला सोपं वाटतं. मला तळमजल्यावर, प्रिंटरच्या खोलीशेजारी बसवलं होतं. 'सामनेवाल्यांची बदली करावी, माझी नको' असं स्पष्ट लिहा.

९. 'मिटवून टाका' येणार, तयार राहा

समेट फक्त तुमच्या विनंतीवरून होऊ शकतो आणि त्यात पैशांची देवघेव चालत नाही. समेट झाला की त्या तक्रारीची चौकशी थांबते. समोरच्याने अटी मोडल्या तरच पुन्हा सुरू होते. टोळक्यात एक जण पुढे येऊन सगळ्यांच्या वतीने माफी मागतो, बाकीचे मागे उभे राहतात. समेट करायचाच असेल तर प्रत्येकाची वेगळी सही आणि प्रत्येकासाठी वेगळी अट घ्या. मी केला नाही.

१०. चौकशी

तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत सामनेवाल्यांना जाते; त्यांनी दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. ती उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचा. माझ्याकडच्या सहापैकी तीन उत्तरांत 'गैरसमज' हा शब्द एकाच चुकीच्या पद्धतीने लिहिला होता. मी तेवढंच दाखवलं, आणि बाहेरच्या सदस्यांनी तिघांना वेगवेगळं बोलवून विचारलं की हे कुणी लिहून दिलं.

वकील कुणालाच आणता येत नाही. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. सुनावणीला अध्यक्षांसह निदान तीन सदस्य हवेत. दोघांपुढे बसवलं तर तसं नोंदवायला सांगा. सहा जणांना एकाच खोलीत तुमच्यासमोर बसवू नये, प्रश्न लेखी घ्यावेत, अशी विनंती करता येते. आमच्याकडे ती मान्य झाली. विसरलात तर "आठवत नाही" म्हणा. अंदाजाने तारीख सांगितली की पुढची खरी तारीखही डळमळते.

"सिद्ध नाही झालं तर तुझ्यावरच उलटेल", हे तुम्हाला चहाच्या मशीनपाशी ऐकवलं जाईल. नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही. त्यासाठी दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीने सिद्ध व्हावा लागतो.

तक्रारीनंतर मेलमधून नाव गळणं, जेवायला न बोलावणं, तुम्ही आलात की शांतता पसरणं सुरू होतं. त्याचीही नोंद ठेवा आणि समितीला लेखी कळवा. प्रकरणाचा तपशील मात्र सोशल मीडियावर किंवा कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. गोपनीयतेचं बंधन आहे.

पोलिसांत जाण्याची वाट याच्या जोडीने खुली असते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७५ लैंगिक छळाचं, ७८ पाठलागाचं. गुन्हा नोंदवायचा असेल तर कंपनीने मदत करायची असते. हात लावला असेल, पाठलाग होत असेल, धमकी असेल तर समितीची वाट पाहत बसू नका. ११२ किंवा १८१ वर फोन करा.

११. अहवाल हातात आल्यावर

चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल मालकाकडे जातो आणि दोन्ही बाजूंना मिळायला हवा. मागा. त्यात प्रत्येक सामनेवाल्याबद्दल वेगळा निष्कर्ष आहे का ते पाहा. माझ्या प्रकरणात समितीच्या अहवालाच्या पहिल्या मसुद्यात 'टीमला समज द्यावी' एवढंच होतं. दोन्ही बाजूंना निष्कर्षांवर म्हणणं मांडायची संधी असते. ती वापरून मी सहाही नावांवर स्वतंत्र निष्कर्ष मागितला. चौघांविरुद्ध आरोप सिद्ध धरले गेले, दोघांविरुद्ध नाही.

शिफारशींवर मालकाने साठ दिवसांत अंमल करायचा. त्या मान्य नसतील किंवा अंमल होत नसेल तर तुमच्या सेवानियमांत सांगितलेल्या न्यायालयाकडे किंवा न्यायाधिकरणाकडे, आणि तसे नियम नसतील तर कामगार कायद्यातल्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. अपिलाची मुदत नव्वद दिवस, आणि ती शिफारशींपासून मोजतात. कंपनी साठ दिवस काही करते का हे बघत बसलात तर वकील शोधायला, कागद लावायला उरतात जेमतेम तीस. अहवाल मिळाला त्याच दिवशी दोन्ही तारखा काढून कॅलेंडरवर लिहा, आणि वकिलाची भेट पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आतली घ्या.